धुळे ते फैजपूर, व्हाया पिठाची गिरणी

धुळ्याहून फैजपूर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. एसटीने चार-साडेचार तास लागतात, वाटेत चहाला थांबली तर पाच. आम्हाला तीन दिवस लागले. परत आल्यावर ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने एकच विचारलं, "गाडी बंद पडली होती का?" बंद ती एकदाही पडली नाही. मग तीन दिवस का लागले, ते सांगायला हा लेख.

मी नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात तीस वर्षं विजेवरच्या मोटारी शिकवल्या. निवृत्त झाल्यापासून लोक मला मिक्सर दाखवतात. त्यामुळे फैजपूरजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, म्हणजे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, तेव्हा मी जरा हुरळलेच. शाळेची बस जुनी. डिझेलचं इंजिन शेवटच्या घटका मोजत होतं. संस्थेने बस भंगारात काढायची ठरवली होती, पण बसचे ड्रायव्हर पंढरीनाना अडून बसले. बॉडी अजून ठणठणीत आहे, इंजिन काढून विजेची मोटार बसवा, असं त्यांचं म्हणणं; तसं केलेलं त्यांनी कुठेतरी मोबाइलवर पाहिलं होतं. संस्थेचे अध्यक्ष सुगनशेठ यांनी शेवटी एक अट घातली. धुळ्याच्या गॅरेजमध्ये बस बदलून घ्यायची आणि तिने धुळ्याहून फैजपूरपर्यंत स्वतःच्या चाकांवर यायचं, दोरी लावून ओढत आणलेली चालणार नाही. आणि हे व्यवहार्य आहे की नाही, ते कोणा जाणकाराने लिहून द्यायचं. जाणकार मी. हातातला मिक्सर खाली ठेवून मी बॅग भरली.

धुळे

रफीकभाईंचं गॅरेज महामार्गाला लागून आहे. तिथे सकाळी सातलाच ऊन असं पडलं होतं की आमच्याकडे दुपारी बारालाही पडत नाही. एप्रिलअखेर, आखाजी तीन दिवसांवर. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि सोन्याच्या जाहिराती. इथे आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि घराघरांत पुरणाच्या मांड्यांची तयारी सुरू होते. रफीकभाईंचे दोन कारागीरही बायकांना माहेरी पोहोचवायला रजेवर गेले होते.

बस पिवळी होती, बत्तीस आसनांची. बाजूच्या पत्र्यावर मुलांनी नखांनी कोरलेली नावं रंगाखालून अजून दिसत होती. इंजिनाच्या जागी मोटार आली होती, डिझेलची टाकी जाऊन बॅटऱ्यांच्या पेट्या आल्या होत्या, आणि ब्रेकला हवा पुरवायला एक छोटा पंप बसवला होता. काचेला आरटीओचा चाचणीपुरता कागद चिकटवला होता. काम नीटनेटकं होतं, हे मी रफीकभाईंना सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

मला एकच गोष्ट कळेना. गिअरचा दांडा जागच्या जागी होता, पण खाली कशालाच जोडलेला नव्हता.

"हा कशाला ठेवला?" मी विचारलं.

रफीकभाई हसले. "नाना बोले, रहने दो. डाव्या हाताला काम नको का?"

पंढरीनाना शेजारीच उभे होते. साठीला आलेला माणूस, सडपातळ, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांनी दांड्यावर हात ठेवून दाखवला. "सव्वीस वर्सं हात अठीच होता, मॅडम. आता कुठी ठेवू?" मग आवाज उतरवून म्हणाले, "संस्थेत ठरेल हाये. जुनी गाडी गेली का जुना ड्रायव्हरबी गेला. गाडी भंगारात गेली त मीबी गेलो समजा. तुमी खरं लिहाल ते लिहा, पन नीट पाहून लिहा."

मी वहीत लिहिलं: गिअरचा दांडा, कार्य नाही. लिहून झाल्यावर ते जरा कठोर वाटलं, पण मास्तरकीची सवय अशी की लाल शाईने लिहिलेलं खोडवत नाही.

भाराशिवाय चाचणी म्हणजे चाचणीच नाही, म्हणून मी वाळूच्या गोण्या भरायला सांगितल्या. सुगनशेठ आदल्या संध्याकाळीच येऊन मुक्कामाला होते. धोतर, पांढरी टोपी, हातात स्टीलचा डबा. त्यांनी गोण्यांना ठाम नकार दिला. "मॅडम, वाळू घेऊन फैजपूरला जायचं तर लोक म्हणतील शेठ रेतीच्या धंद्यात पडले." मी रिकाम्या बसची चाचणी घ्यायला तयार झाले आणि तशी नोंद केली. आम्ही चौघं निघालो. बत्तीस आसनं आणि चार माणसं, त्यातले शेठ पारोळ्यापर्यंत झोपले.

पारोळ्याच्या वाटेवर

पहिल्यांदा गाडी रफीकभाईंनी घेतली, नवीन यंत्राचा अंदाज त्यांनाच होता म्हणून. पहिली चार-पाच किलोमीटर आम्ही फक्त कान लावून होतो. इतक्या मोठ्या धुडातून काहीच आवाज येत नाही, हे मनाला पटत नाही. खिडक्यांची खडखड, पत्र्याची कुरकुर, मागच्या सीटच्या सैल स्क्रूची टिकटिक, इंजिनाने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं सगळं ऐकू येऊ लागलं. शेठ घोरायचे तेसुद्धा.

रस्त्यावर एका म्हशीने आम्हाला ओळखलंच नाही. हॉर्न वाजवला तेव्हा तिने मान वळवून पाहिलं आणि परत रवंथ सुरू केलं. म्हशीच्या हिशेबात इंजिनाचा आवाज नसलेली वस्तू उभी असते, धावत नसते. रफीकभाईंनी करकचून ब्रेक मारला, पंप खडखडला आणि शेठ जागे होऊन म्हणाले, "आलं का फैजपूर?"

पारोळ्याला शेवभाजी खाल्ली. आमच्याकडे शेव ही वरून भुरभुरायची गोष्ट. इथे अंगठ्याएवढी जाड शेव उकळत्या काळ्या रश्श्यात सोडतात आणि ती मऊ पडायच्या आत खायची असते. मी बोलत बसले म्हणून माझी शेव लापशी झाली, आणि वाढणाऱ्या माणसाने मला दुसरी वाटी न विचारता आणून दिली. पहिल्या वाटीकडे त्याने असं पाहिलं की मी वेळेवर जेवायचं शिकले.

मीटरवर शंभरातले बावन्न उरले होते. छत्तीसेक किलोमीटरांत अठ्ठेचाळीस गेले. या हिशेबाने एरंडोल कसंबसं, आणि जळगाव विसराच. मी तसं म्हटल्यावर नानांनी चहा निम्मा टाकला. पुढे गाडी चालवायला त्यांनी मागून घेतली.

नाना चालवू लागले आणि शेठ पुन्हा झोपले, या वेळी एरंडोलपर्यंत सलग. तिथे उतरल्यावर मी मीटर पाहिलं. पंचवीस किलोमीटरांना तेवीस. मी चष्मा पुसून परत पाहिलं. मग तीस वर्षं शिकवलेल्या बाईच्या आत्मविश्वासाने वहीत लिहिलं: बहुधा उतार.

एरंडोल

ऊन इतकं तापलं होतं की बॅटरीनेच पुढे जायला नकार दिला. मीटरवर लाल थर्मामीटर उमटला. रफीकभाईंनी पेट्यांच्या झरोक्यांवर ओली गोणपाटं टांगली, माठाला बांधतात तशी. तीस वर्षांत मी मुलांना यंत्रं थंड ठेवण्याचे जेवढे प्रकार शिकवले त्यांत गोणपाट नव्हतं.

चार्जिंगची सोय शेठनी केली. ह्या माणसाची खानदेशात प्रत्येक तालुक्याला एक सोयरीक आणि ओळखीचं एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. कापसाचा हंगाम संपल्यामुळे जिनिंग बंद होतं, पण थ्री-फेजचं कनेक्शन जिवंत होतं. मोकळ्या आवारात सरकीचा उग्र वास अजून भरून राहिला होता. मालकांनी बसभोवती फेरी मारली आणि चार्जरकडे बोट दाखवून विचारलं, "ही गाडी काय खाते?" रफीकभाई म्हणाले, "बत्ती." मालक म्हणाले, "मग आमच्याकडे उपाशी राहील, रात्री जाते कधी कधी." ते खरं निघालं. पहाटेपर्यंत शंभराऐवजी एकोणऐंशीच भरले.

पण त्या आधी संध्याकाळी एक प्रकार झाला. शेठना गाडी चालवून पाहायची होती. रस्त्यावर नाही, आवारातच. धोतर सावरून ते बसले, नानांनी शेजारी उभं राहून दाखवलं, आणि शेठनी जिनिंगच्या गोदामाला चार फेऱ्या मारल्या. लहान मुलासारखे खूश होते. उतरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे तर सोपं आहे. दोन पायडल. एक पळवायचं, एक थांबवायचं. गाडी पास झाली तर आपला शिपाईच चालवेल, हेवीचं लायसन काढून. नानांना कशाला उन्हातान्हात त्रास द्यायचा?"

ते वाईट बुद्धीने बोलत नव्हते, खरोखरच नानांची काळजी वाहिल्यासारखं बोलत होते. मी मागे पाहिलं. नाना बसच्या काचा ओल्या फडक्याने पुसत होते. गाडी वाचली की आपण वाचलो, या हिशेबावर हा माणूस धुळ्यापासून बसला होता, आणि तो हिशेब पहिल्याच दिवशी चुकला होता. मी शेठना काहीच बोलले नाही, नानांनाही नाही. रात्री जिनिंगच्या मालकांकडची दालबाटी छान होती, पण मी अर्धीच खाल्ली. मला माझीच लाज वाटत होती.

शेठ फेऱ्या मारून उतरले तेव्हा मीटर तीनने खाली आलं होतं. गोदामाभोवतीच्या चार फेऱ्या म्हणजे किलोमीटरसुद्धा होत नाही, आणि जिनिंगचं आवार सपाट असतं. तिथे उतार कुठून काढणार? मी वहीतल्या "बहुधा उतार" वर काट मारली.

पिंप्राळा

दुसऱ्या दिवशी मी मास्तरीण झाले. एरंडोल ते जळगाव निम्मा रस्ता नानांना दिला, निम्मा रफीकभाईंना. कारण सांगितलं नाही. परीक्षेत कोणाला कारण सांगतात? नानांनी पंधरा किलोमीटरांत चौदा घेतले, रफीकभाईंनी तेवढ्याच रस्त्याला वीस. मीटर पंचेचाळीसवर आलं.

"नाना," मी विचारलं, "तुम्ही काय वेगळं करता?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारल्यावर जरा विचार करून म्हणाले, "काही नही. शायेची गाडी ना. मागं पोरं उभी राहेत. एक ब्रेक जोरात दाबला त डबे, दप्तरं, पोरं, सगयं माह्या मानीवर. म्हनून ब्रेक मी दाबतच नही. बकरी दोन फर्लांगावरून दिसते. तव्हाच पाय उचलाचा. तिले जायाला टाइम भेटतो, आपल्यालेबी."

पाय उचलला की ही मोटार उलटी वीज बनवून बॅटरीत परत टाकते, हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. ती आकृती जगणारा माणूस डिझेलच्या बसवर सव्वीस वर्षं विनाकारण तेच करत होता. विनाकारण म्हणजे मुलांचे डबे सांडू नयेत म्हणून. रफीकभाईंनी हे ऐकलं आणि मोठ्या मनाने म्हणाले, "अपना पाव भारी है, मॅडम. ट्रक चलाया ना."

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात नानांच्या बहिणीची पिठाची गिरणी आहे. अक्का म्हणतात त्यांना सगळे. शेठच्या ओळखीच्या जळगावातल्या जिनिंगची वीज हंगाम संपल्यावर तोडलेली होती, त्यामुळे थ्री-फेज असलेली ओळखीची जागा एवढीच. बस गिरणीसमोर उभी केली तेव्हा आत डब्यांची रांग दाराबाहेर गेली होती. आखाजीसाठी सगळा पिंप्राळा एकाच वेळी गहू दळत होता. अक्कांनी भावाला पाहून आधी पाणी दिलं, मग शिव्या.

"आजच तुले वीज लागली? बाकी तीनशे चौसष्ट दिवस कुठी होता?"

चार्जर लावला आणि गिरणी बसली. म्हणजे खरंच बसली, जात्याने घुंईईई केलं आणि थांबलं. फ्यूज गेला होता. रांगेतल्या बायका बसकडे आणि आमच्याकडे पाहू लागल्या. एका आजीने डबा जमिनीवर आपटून विचारलं, "बस काय पीठ खाते का?" शेठ डोक्यावरची टोपी काढून वारा घेऊ लागले. लायनमन आला, त्याने फ्यूज बांधला आणि निकाल दिला. एका वेळी एक. गिरणी नाहीतर बस.

वाटाघाटी अक्कांनी केल्या. दुपारी एक ते चार गिरणी बंद असते, कारण तेव्हा पिंप्राळ्यात कोणी माणूस रस्त्यावर दिसत नाही. ते तीन तास बसचे. आम्ही आत अक्कांच्या घरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा खाल्ला. शेठनी कांदा बाजूला सारला आणि भाकरी मात्र तीन घेतल्या. पण त्याच तीन तासांत कॉलनीतला प्रत्येक कूलर चालू असतो. व्होल्टेज इतकं पडलं की चार्जर दर अर्ध्या तासाने रुसायचा. चारला जातं परत फिरू लागलं तेव्हा मीटरवर बासष्ट होते. रात्री पुन्हा कूलर, पुन्हा रुसवा. बासष्टवर आमचा मुक्काम झाला.

तापीपलीकडे

तिसरा दिवस, आखाजीचा आदला. फैजपूर साठेक किलोमीटर. नानांच्या हाती रिकाम्या बसला पंचावन्न लागतील, मी हिशेब मांडला. सात शिल्लक राहतील. रफीकभाईंनी स्वतःहून स्टिअरिंगला हात लावला नाही.

भुसावळ मागे टाकलं, तापीचा पूल ओलांडला. पुलाच्या उतारावर नानांनी पाय उचलला आणि मीटर एकने वर चढलं. शेठनी ते पाहिलं. नंतर ते झोपले नाहीत. पुढे दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू होतात आणि हवा एकदम दोन अंशांनी उतरते. धुळ्यापासून भाजत आलेल्या माणसाला तो हिरवा रंग डोळ्यांवर ओल्या फडक्यासारखा लागतो.

पुढच्या फाट्यावर वीस-पंचवीस बाया उभ्या होत्या. नव्या लुगड्यांत, पायाशी गाठोडी, आंब्यांच्या करंड्या, कडेवर पोरं. नानांनी दोन फर्लांगांवरूनच पाय उचलला. बस आवाज न करता त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि त्या दचकून मागे सरल्या.

एक पुढे आली. "हाई गाडी चालू शे का बंद शे, भाऊ?"

"चालू हाये," नाना म्हणाले.

"मंग लई चाल ना. आखाजीले माहेरले जानं शे. साक्रीपासून निघेल शे मी. सकायपासून दोन गाड्या भरेल गयात, एकबी थांबनी नही."

शेठ उठून उभे राहिले. "नाना, हे चालणार नाही. चाचणी आहे. पॅसेंजर घ्यायचे नाहीत असं ठरलंय. आणि बॅटरी?"

त्यांचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. मी वहीत पाहिलं. एवढ्या भाराने सात शिल्लक राहणार नव्हते, उणे पडणार होते. गाडी रस्त्यात थांबली तर ओढून न्यावी लागणार, आणि ओढून नेली की अटीप्रमाणे नापास. नानांनाही ते माहीत होतं. दोन दिवस मीटरवरून त्यांची नजर हटली नव्हती.

नानांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "शेठ, आखाजीच्या आदल्या दिशी लेकी रस्त्यावर टाकीसन मी गावात कोन्या तोंडानं जाऊ? गाडी नापास करा. मले चालीन." आणि त्यांनी दार उघडलं.

शेठ माझ्याकडे वळले. जाणकार मी. मी म्हटलं, "शेठ, भाराची चाचणी राहिलीच आहे. तुम्ही वाळू नको म्हणालात."

 शेठनी शेजारच्या आसनावरचा आपला डबा उचलून मांडीवर घेतला. सव्वीस बाया चढल्या. मी मोजल्या, कारण अहवालात लिहायच्या होत्या. गाठोड्यांचं वजन अंदाजे धरलं. साक्रीची बाई माझ्या शेजारी बसली आणि तिने मला विचारलं, तुम्ही कोणत्या गावची लेक? मी नाशिकची म्हटल्यावर तिला माझी दया आली, कारण मी माहेरापासून उलट्या दिशेला चालले होते.

मीटर उतरू लागलं. अठरा, पंधरा, अकरा. सातपुड्याच्या अंगाने रस्ता किंचित चढतो, चालताना जाणवतही नाही, पण बॅटरीला जाणवतो. नाना एका सरळ रेषेत, एकाच गतीने चालवत होते. मागे गाणी सुरू झाली होती. मीटर चारवर आलं तेव्हा गाडीने स्वतःच वेग कापला. रफीकभाईंनी ती व्यवस्था मुद्दाम ठेवली होती, बॅटरी पार मरू नये म्हणून. माणसाच्या चालीइतकाच वेग उरला. फैजपूर चार किलोमीटर.

शेजारच्या बागेतल्या शेतकऱ्याला रफीकभाईंनी हाक मारली. मोटारपंपाच्या पेटीतून अर्धा तास वीज मिळेल का? तो केळीच्या पानांतून डोकावला आणि म्हणाला, "ह्या हप्त्यात आमची रातपायी हाये. लाइट राती बाराला येईन. तवलोक थांबा, जेवून घ्या." पुढच्या हप्त्यात दिवसा असते म्हणाला. आम्ही पुढच्या हप्त्यापर्यंत थांबू शकत नव्हतो. त्याने केळ्यांची एक फणी शेठच्या हातात दिली आणि परत आत गेला.

साक्रीच्या बाईने परिस्थिती सगळ्यांच्या आधी ओळखली. "भाऊ, आम्हना वजनमुये का?"  तिने मागे हाक दिली, "ऊठा वं बठ्ठ्या, पायी चाला. माहेर आते काय दूर शे?" सगळ्या उतरल्या. गाठोडी आणि पोरं बसमध्ये ठेवली, आणि बाया पुढे चालू लागल्या, मागून बस. शेठही उतरले, कारण एका बाईने त्यांना विचारलं, तुम्हालाही काही वजन असेलच ना?

फैजपूरच्या वेशीवर आम्ही दुपारी दोनला पोहोचलो. पुढे गाणी म्हणत बाया, त्यांच्यात धोतर सावरणारे शेठ, हातात केळ्यांची फणी, मागे पिवळी बस. दुकानातले लोक बाहेर आले. कोणाची तरी मिरवणूक असावी असं त्यांना वाटलं. मीटरवर एक होता. दोरी लावलेली नव्हती.

फैजपूर

आखाजी मी मुख्याध्यापिकेच्या घरी खाल्ली. खापरावरचे मांडे, आमरस, आणि झोका, ज्यावर मला जबरदस्तीने बसवलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या एका वर्गात संस्थेची बैठक झाली. चार सदस्य मुलांच्या बाकांवर दुमडून बसले होते, नाना दाराशी उभे होते, रफीकभाई खिडकीत.

शेठनी सुरुवात केली. "गाडी आली. ओढून आणलेली नाही, मी स्वतः चालत होतो पुढे. म्हणजे पास. आता ड्रायव्हरचा विषय. ह्या गाडीत दोनच पायडल आहेत, आपला शिपाई..."

नानांनी मान खाली घातली. मला वाटतं त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. चेहरा असा झाला की मला बघवेना. चार दिवस मी गप्प बसले होते, आणखी एक मिनिट बसणं शक्य नव्हतं.

"शेठ, माझा अहवाल तीन पानी आहे," मी मध्येच म्हणाले. "तुम्ही पहिलंच पान वाचलंत. तिसरं वाचते."

आणि मी वाचलं. शाळेच्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या मिळून सत्तर किलोमीटर. पूर्ण भाराची चाचणी झालेली आहे: सव्वीस माहेरवाशिणी, गाठोड्यांसह. त्यावरून, पंढरीनानांच्या हाती ही बस एका चार्जिंगवर दोन्ही फेऱ्या करून थोडी वीज राखते. दुसऱ्या कुशल ड्रायव्हरच्या हाती ती संध्याकाळच्या फेरीत मुलांसह रस्त्यात थांबेल. आकडे सोबत. जिनिंगच्या आवारातल्या चार फेऱ्यांचा आकडाही सोबत, चालकाचं नाव दिलेलं नाही. निष्कर्ष: बस व्यवहार्य आहे, नानांसह. नानांशिवाय व्यवहार्य नाही.

खिडकीतून रफीकभाई म्हणाले, "सही है. मैं खुद फेल हुआ."

शेठनी कागद मागून घेतला. धंद्यातला माणूस, आकडा दिसला की तो भावनेत अडकत नाही. बोट ठेवत ठेवत त्यांनी आकड्यांच्या तिन्ही ओळी दोनदा वाचल्या, जिनिंगच्या आकड्यापाशी जरा जास्त वेळ थांबले. मग पेन काढलं.

"रफीकभाई बॅटरीचं पाच वर्षांचं लिहून देतात," ते म्हणाले. "नाना, तुमचं किती वर्षांचं लिहू?"

 नानांनी डोळे पुसले, उघडउघड, लपवायचा प्रयत्न न करता.

"पाचच लिहा, शेठ," ते म्हणाले. "बॅटरी बदलाची वेळ येईन, तव्हा मलेबी पाहून घेजा."